ह्यांची गाडी, ह्यांची फटफटी

गाडी सुरू व्हायला नकार द्यायची तेव्हा हे तिला कधी शिव्या देत नसत. हे म्हणजे माझे यजमान. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि आता एवढ्या वर्षांनी घ्यावंसं वाटत नाही, म्हणून मी 'हे' असंच म्हणते. बॉनेट उघडून आत डोकं घालायचे आणि आजारी म्हशीशी बोलावं तसं हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचे. मी विचारलं, "काय म्हणते?" तर म्हणायचे, "दमलीया. जरा थांबू." आणि खरंच थांबायचे. आत सवाऱ्या बसलेल्या, कुणाला खेडच्या कचेरीत तारखेला पोचायचं, कुणाला पोरगी दाखवायला न्यायची, आणि हे आपले बिडी पेटवून तिच्या चाकाशी उकिडवे बसलेले.

आमचं घर चाकणला, बाजारतळाच्या मागे. मी मूळची दापोडीची. वडील रेल्वेत रूळ दुरुस्तीच्या टोळीत होते. मराठी सातवीपर्यंत मला शिकवलं आणि मग ह्यांच्याशी लग्न लावून दिलं. ह्यांचं गाव चाकणपासून कोसभर आत. घरी शेती होती, पण लढाईच्या दिवसांत हे फौजेत भरती झाले, तिथं मोटारी आणि फटफट्या चालवायला शिकले, आणि परत आले ते नांगराला हात लावायचा नाही असं ठरवूनच. शेत थोरल्या दिरांनी सांभाळलं.

गाडी पुण्यातल्या एका वकिलाची. त्यांच्या बंगल्यामागच्या पत्र्याच्या छपरात ती कितीतरी वर्षं पडून होती. हे तिला बघायला गेले तेव्हा मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालून बसल्या होत्या. लढाईच्या आधीची, अमेरिकन बनावटीची, वर ताडपत्रीचा टप, दोन्ही बाजूंना लांब पायफळ्या. पुढून हँडल मारून सुरू करायची. थंडीच्या दिवसांत हँडल मारून मारून ह्यांचा सदरा भिजायचा. पाणी उकळायचं तर इतकं की भोसरीच्या चहावाल्याला आमची वाफ लांबून दिसायची आणि तो आधीच बादली भरून ठेवायचा. तिच्या जिवावर आमचं घर चालत होतं. चाकण ते खेड, चाकण ते पुणे, लग्नसराईत जिथं म्हणाल तिथं.

फटफटीचं वेगळं. ती देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या लिलावात घेतलेली. खाकी रंगाची. हा रंग ह्यांनी कधी बदलला नाही. तिला एक लाथ मारली की ती बोलायला लागायची, पाऊस असो, चिखल असो. गाडीवर ह्यांचा जीव होता, पण तो नादान भावावर असावा तसा, काळजीतला. फटफटीवरचं प्रेम निवांत होतं. तिच्यावर बसले की ह्यांचे खांदे सैल पडायचे. आठवड्यातून एकदा हे मला तिच्यावरून दापोडीला आईकडे न्यायचे. मी मागे एका अंगाला पाय सोडून बसायचे, पदर कमरेला खोचलेला, एक हात ह्यांच्या खांद्यावर. रस्त्यानं लोक उभे राहून बघायचे. पहिल्यांदा लाज वाटली. मग वाटेनाशी झाली. मोशीचा उतार लागला की हे मशीन थोडं मोकळं सोडायचे, वारा कानांत शिरायचा आणि हे मान मागे न वळवता ओरडायचे, "भ्या वाटतंय का?" मी ओरडायचे, "न्हाई!" तेवढ्या वाटेपुरती मीही त्यांच्यासारखंच बोलायचे.

ह्याच उतारावर आम्ही पडलो.

डाव्या अंगाच्या गाडीवाटेनं एक बैलगाडी रस्त्यावर चढत होती. मला ती केव्हाची दिसत होती. ह्यांनी वेग कमी केला नाही. बैलांची शिंगं अगदी जवळ आली तेव्हा मी किंचाळले. ह्यांनी हँडल फिरवलं, बैल बुजले आणि आम्ही कडेच्या खडीच्या ढिगात जाऊन पडलो. माझं कोपर सोलवटलं, ह्यांचं मनगट मुरगळलं. गाडीवान खाली उतरून ओरडत होता, "आंधळा हायस का रं?" हे पडल्या पडल्या हात लांब करून पेट्रोलची तोटी बंद करत होते. ती बंद झाल्यावर त्यांनी गाडीवानाकडं बघितलं आणि विचारलं, "बैल आलं कुठनं?"

त्यात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. गाडीवान बैलांना आवरायला वळला आणि मी खडीत बसल्या बसल्या ह्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. गेल्या काही महिन्यांतलं एकेक आठवायला लागलं. हे दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. बाजारात ओळखीचा माणूस शेजारून गेला तरी बोलायचे नाहीत, आणि लोक मला म्हणायचे, मालकांना फार मस्ती आली. समोरचा दूरचा पिंपळ मात्र ह्यांना पानं मोजता येतील इतका स्पष्ट दिसायचा. म्हणून कुणालाच शंका आली नव्हती.

पुण्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून, अंधाऱ्या खोलीत बसवून तपासलं. म्हातारे, शांत गृहस्थ होते. म्हणाले, "काचबिंदू आहे. नळीतून बघावं तसं तुम्हाला समोरचं दिसतं. कडेचं गेलं, ते काही परत येणार नाही. उरलेलं टिकावं म्हणून थेंब देतो, पण टिकेलच असं सांगत नाही."

हे म्हणाले, "मोटार हाकतो मी. प्वाट हाय त्ये माझं."

"मग दुसरं काहीतरी बघा," डॉक्टर म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "ह्यांना एकट्यानं रस्ता ओलांडू देऊ नका."

खाली गाडी उभी होती. तिला तिथंच सोडून येणं शक्य नव्हतं. हे चालवायला बसले, मी शेजारी. डावीकडचं मी सांगत होते. सायकल आहे. म्हैस आहे. पोरं खेळताहेत. दापोडीचा पूल आला, मी माझ्या आईच्या गल्लीकडं बघितलंसुद्धा नाही. भोसरीच्या अलीकडे ह्यांनी एका झाडाखाली गाडी घेतली आणि बंद केली. ती आपणहून न थांबता कुणी तिला थांबवलं, असं फार क्वचित व्हायचं. स्टिअरिंगच्या चक्रावर दोन्ही हात तसेच ठेवून हे माझ्याकडं वळले.

"तू शिक," म्हणाले.

"काय शिकू?"

"ही चालवाया. तुला दिसतंय."

मी हसले. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू थांबलं.

चाकणच्या किल्ल्याच्या खंदकापलीकडे तेव्हा मोकळं रान होतं. सकाळी उन्हं वर यायच्या आत आम्ही तिथं जायचो. नऊवारी नेसून क्लच दाबणं म्हणजे काय ते मला विचारा. काष्टा अडकायचा, पायातली वहाण निघायची, मी अनवाणीच चालवायला लागले. हे शेजारी डोळे मिटून बसायचे. म्हणायचे, डोळ्यांनी आता गोंधळ होतो, कानाला नीट कळतं. "रडतीया बघ, गेर बदल." "आता हसली. ऱ्हाऊ दे तशीच." गाडी हसते कधी आणि रडते कधी हे मला कळायला बरेच दिवस लागले. एका सकाळी गियर बदलताना जराही आवाज झाला नाही, ती लोण्यातून सुरी जावी तशी पुढे गेली, आणि ह्यांनी मिटल्या डोळ्यांनीच माझ्या दंडावर हात ठेवला.

थोरले दीर गावाहून आले. ओट्यावर टेकले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"लोक काय म्हनत्यात, ठावं हाय का?" त्यांनी ह्यांना विचारलं.

हे म्हणाले, "लोकांस्नी सांग दादा, कुनीतरी आपलं डोळं मला द्या. मग ती बसंल घरात."

दीर निघून गेले. जाताना मात्र दाराआड माझ्या हाती गुळाची ढेप देऊन गेले. माणूस वाईट नव्हता.

मी गाडी रस्त्यावर आणली तेव्हा पहिले काही दिवस कुणी बसलंच नाही. स्टँडवर आम्ही दोघं बसून राहायचो. एक म्हातारे शेतकरी आले, चक्रामागं मला बघितलं आणि ह्यांना म्हणाले, "बाई हाकनार? नगं बाबा. आमी आपलं चालत जातू." आणि खरोखर त्या उन्हात खेडच्या रस्त्याला चालू लागले. ह्यांनी मला विचारलं, "कोन व्हतं?" मी सांगितलं. हे म्हणाले, "माझ्या लग्नाची वरात त्येंच्या बैलगाडीतनं आली व्हती."

मग बायका बसायला लागल्या. माहेराला निघालेल्या, बाळंतपणाला निघालेल्या, लेकरू कडेवर घेऊन दवाखान्यात निघालेल्या. पुरुष ड्रायव्हरच्या मागं अंग चोरून बसण्यापेक्षा त्यांना माझ्या गाडीत बरं वाटायचं. गाणीसुद्धा म्हणायच्या. त्या हंगामात आम्हाला वाटलं होतं की जमेल. मला ते दिवस फार आठवतात, आणि ते किती थोडे होते तेही.

एकदा भीमेच्या अलीकडे गाडी बंद पडली. मागे पाचसहा बायका. हे उतरले, चाचपत पुढं गेले, बॉनेट उघडलं. मला म्हणाले, "तू फक्त पाना दे." बोटांनीच एकेक वायर शोधत गेले, कार्ब्युरेटर काढला, तोंडानं फुंकला, परत बसवला. एक म्हातारी रस्त्याच्या कडेला बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, "डोळं न्हाईत तरी बरं उमगतंय की तुला!" हे म्हणाले, "आवो, हिला बघून कुनाचं भलं झालंय? हिला हातच लावावा लागतो." आणि हसले. मोशीला पडल्यापासून मी ह्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. गाडी सुरू झाली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

परवाना मात्र नव्हता. वाटेवरचा पोलीस ह्यांना ओळखायचा म्हणून चाललं होतं, पण त्याची बदली झाली आणि नव्यानं सरळ सांगितलं, पुढच्या वेळी गाडी जप्त करीन. तेव्हा आम्ही परीक्षेसाठी पुण्याला गेलो. कचेरीच्या मागे पटांगण होतं. तरुण, चष्मेवाला साहेब माझ्याशेजारी बसला, हे लांब झाडाखाली उभे. मी दोन पिंपांच्या मधून गाडी मागं घेतली. वळवली. हातानं इशारे केले. साहेब मान डोलवत होता. मग त्यानं चढावर नेऊन थांबवायला सांगितलं आणि तिथून परत पुढं घ्यायला. मी क्लच सोडला आणि खालून काहीतरी कडाडलं. गाडी मागं घसरायला लागली. ब्रेक लागले, न लागल्यासारखेच. हाताचा ब्रेक ओढून मी ती कशीबशी थोपवली.

साहेब उतरला आणि गाडीखाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता. उठून रुमालानं हात पुसत म्हणाला, "बाई, परवाना तुम्हाला देतो. तुम्ही चांगलं चालवता, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पुरुषांपेक्षा चांगलं. पण ह्या गाडीची चौकट तडकलेली आहे, तारेनं बांधलीय कुणीतरी. माणसं घेऊन ही पुन्हा रस्त्यावर आणायची नाही. मी तसं लिहितो आहे."

मी ह्यांच्याकडे जाऊन सांगितलं. ह्यांनी विचारलं, "तुला दिला का?"

"दिला."

"मग झालं."

"तार तुम्ही बांधली होती?"

"व्हय. दोन वर्सं झाली असत्याल." मग म्हणाले, "दुसरी चौकट कुठनं आननार व्हतो?"

साहेबानं ती घरापर्यंत न्यायची परवानगी दिली, रिकामी आणि सावकाश. मी चालवली. शिवाजीनगरपासून चाकणपर्यंत ती एकदाही थांबली नाही, पाणी उकळलं नाही, भोसरीच्या चहावाल्यानं आमच्याकडं बघून बादली उचलली ती तशीच खाली ठेवली. हे पुढच्या फळीवर तळहात ठेवून बसले होते. मला रस्ता धूसर दिसत होता आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

त्याच सुमाराला चाकणला सरकारी बसचा थांबा झाला. म्हणजे गाडी धडधाकट असती तरी फार दिवस चाललं असतं असं नाही. शेजारणी मला समजूत म्हणून तेच सांगायच्या. त्यानं काही समजूत पडली नाही.

गाडी आम्ही परसात कडुनिंबाखाली लावली. फटफटी पडवीत होती. एकदा मी ह्यांना म्हटलं, "मला फटफटी शिकवता? निदान दूध तरी पोचवीन गावातून." हे टाकी पुसत होते. हात थांबला नाही. म्हणाले, "ती न्हाई." पुन्हा मी तो विषय काढला नाही. गाडी त्यांनी मला देऊन टाकली होती. फटफटी द्यायला त्यांच्यापाशी ताकद उरली नव्हती.

रोज सकाळी ते तिला स्टँडवर चढवायचे, लाथ मारून सुरू करायचे आणि वर बसायचे. मागचं चाक हवेत फिरायचं. गियर बदलायचे, वेग वाढवायचे, उतार आल्यासारखा कमी करायचे. पडवी धुरानं भरायची. मी चुलीपाशी भाकरी थापत आवाजावरून ओळखायचे, आता मोशी आली, आता भोसरी. दापोडीपर्यंत ते बहुधा जात नसत. त्याआधीच बंद करायचे. पेट्रोल संपत आलं की पुन्हा आणायचं, आणि घरात तेल नसतानाही मी ते आणायचे. मला नाही म्हणवलं नाही.

डोळ्यांतले थेंब चालूच होते. नळी अरुंद होत गेली. एका सकाळी टाकी पुसताना हे पुसून झालेली बाजू पुन्हा पुन्हा पुसायला लागले. मी जवळ गेले. चाहूल लागू न देता उभी राहिले होते, पण त्यांना कळलं.

"खाकीच व्हती ना ही?" त्यांनी विचारलं.

"खाकीच आहे."

"तेच म्हनतो."

त्यानंतर त्यांनी फटफटीवर बसणं सोडलं, आणि थोड्या दिवसांनी आपणच म्हणाले, "कुनी घेनार असंल तर बघ. पडून सडाया नगं." पिंपरीला नवा औषधांचा कारखाना झाला होता, तिथला एक तरुण फिटर आला. साताऱ्याकडचा होता, नम्र होता. ह्यांना काका म्हणाला. हे त्याला तासभर सांगत होते, थंडीत चोक कसा द्यायचा, साखळी किती सैल ठेवायची, तेल कोणतं. तो व्हय काका, व्हय काका म्हणत होता. मग लाथ मारून निघाला. बाजारतळाच्या कोपऱ्यावर त्यानं गियर चुकीचा टाकला. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी खालचा ओठ दातांत धरला होता. आवाज ऐकू येईनासा झाल्यावरही ते पडवीत तसेच उभे होते, रिकाम्या जागेच्या कडेला, जणू अजून तिथं काही आहे आणि त्याला धक्का लागायला नको.

"अधूनमधून घेऊन येईन काका," म्हणाला होता. एकदा आला. दारात यायच्या आधीच हे उठून बसले आणि म्हणाले, "खोकतीया." त्यांनी बाहेर जाऊन तिच्यावर हात फिरवला. टाकीला पोचा आला होता, इंजिनावर चिखल वाळून बसला होता.

"तेल कधी बदललंस?"

"वेळच मिळत नाही काका. रात्रपाळी, वर ओव्हरटाइम."

हे त्याच्यावर रागावले नाहीत. मी केलेला चहा त्याला पाजला, त्याच्या आईची विचारपूस केली. तो निघताना म्हणाले, "बाळा, परत हिला इकडं नगं आनूस." त्या पोराला काय वाटलं कोण जाणे. तो परत आला नाही.

गाडी परसात राहिली तेवढ्यापुरतं ह्यांना एक ठिकाण होतं. दुपारी चाचपत जायचे आणि चक्रामागं बसायचे. पुढं भंगारवाला आला. त्यानं आधी इंजिन नेलं, मग चाकं, मग दारं. प्रत्येक वेळी मी ह्यांना विचारलं आणि प्रत्येक वेळी हे म्हणाले, "ने म्हनावं." शेवटी चौकट उरली तेव्हा तिची तार सोडवताना भंगारवाल्याचा हात कापला. मी हळद लावून चिंधी बांधली. कडुनिंबाखाली तेलाचा काळा डाग राहिला आणि हे परसात जायचे थांबले.

मला त्याच औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायचं काम मिळालं. सकाळच्या सरकारी बसनं जायचे, दिवे लागायच्या सुमाराला यायचे. सुरुवातीला हे माझी वाट बघत ओट्यावर बसलेले असायचे आणि रस्त्याचं विचारायचे. मोशीच्या उतारावर खडी टाकली का. भोसरीचा चहावाला आहे का. मी पाय धुता धुता सगळं सांगायचे. पण रस्ता बदलत होता, आणि मी सांगितलेलं ह्यांच्या मनातल्या रस्त्याशी जुळेना.

"त्या वळणाला चिंचा हायत," हे म्हणायचे.

"नाहीत आता. तोडल्या. तिथं पत्र्याचं शेड झालंय."

"कसलं?"

"कळत नाही. कंपनीचं काहीतरी."

"आन् म्हसोबाचं ठिकान?"

"ते मला दिसलं नाही. बसमध्ये उभी होते, गर्दी होती."

मला कळत होतं की माझ्या प्रत्येक उत्तरानं त्यांच्याकडचा रस्ता थोडा थोडा पुसला जातो आहे. खोटं सांगावं असंही मनात यायचं, चिंचा आहेत म्हणावं. पण आमच्यात ती सवय नव्हती.

मग त्यांनी विचारणं सोडलं. हे त्यानंतर बरीच वर्षं होते. तब्येत तशी ठणठणीत होती, त्याचंच वाईट वाटायचं. ओट्यावर बसणंही सुटलं. संध्याकाळी मी दार लोटून आत आले की भिंतीकडे तोंड करून पडलेले हे कूस न बदलता म्हणायचे, "आलीस?"

मी म्हणायचे, "आले," आणि चूल पेटवायला बसायचे.